अल्पाहार, आहारमात्रा आणि मेंदूचे वार्धक्य

कमी खाल्ल्याने आयुष्य वाढते व बुद्धी तल्लख राहते, हे आता रुग्णच वैद्यांना सांगू लागले आहेत. विदर्भाचे सुपुत्र डॉ. श्रीकांत जिचकार (१९५४–२००४) यांनी दिवसातून दोनदाच भोजन करण्याचा विचार मांडला आणि डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी तो महाराष्ट्रभर पोहोचविला. सानगडीसारख्या गावातही ‘एक जेवण सोडू का?’ असे आम्हांस विचारले जाते. याचे उत्तर सर्वांसाठी एक नाही, असे आमचे मत आहे.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के. परंतु विश्रांतीत लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे २० टक्के तोच वापरतो. ऊर्जानिर्मितीत फ्री रॅडिकल्स निर्माण होतात आणि मेंदूच्या पेशींतील स्निग्धांशास त्यांची झळ लवकर पोहोचते. हाच ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस होय. अमेरिकेत २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्थूल नसलेल्या व पन्नाशीच्या आतील व्यक्तींनी दोन वर्षे सुमारे १५ टक्के कॅलरी कमी घेतल्यावर हा ताण घटल्याचे आढळले. जर्मनीतील २००९ च्या अभ्यासात, सरासरीने वजन जास्त असलेल्या वयस्कांचा आहार तीन महिने कमी करताच स्मरणशक्ती सुधारली.

दुसरी बाजूही पाहावी. लेमूर या वानरवर्गीय प्राण्यावरील २०१८ च्या फ्रेंच प्रयोगात, आहार ३० टक्के कमी केल्याने आयुष्य वाढले. पण मेंदूतील करड्या द्रव्याची झीज अधिक वेगाने झाली.

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायात हीनमात्र आहाराचे दोष सांगितले आहेत. त्याने बल व ओज घटते, शरीर, मन, बुद्धी व इंद्रिये यांचा उपघात होतो आणि ऐंशी वातविकारांस आश्रय मिळतो. वार्धक्य मुळातच वातप्रधान. म्हणून कृश वृद्धास अनशन सुचविणे म्हणजे वाताला आमंत्रणच.

चिकित्सेत पुढील विवेक ठेवावा.

१. स्थूल, मंदाग्नी व अध्यशन करणाऱ्या मध्यमवयीनास मात्रा कमी करण्याचा सल्ला द्यावा. अष्टांगहृदयानुसार कुक्षीचे दोन भाग अन्नास, एक द्रवास व एक वायूस ठेवावा.

२. धानाच्या बांधीत आयुष्यभर राबलेल्या कृश वृद्धाचा आहार कमी करू नये. आपल्या भागात ताटात भातच अधिक असतो. म्हणून कमी करावयाचेच झाल्यास भात कमी करावा. डाळ, दूध व भाजी नव्हे.

३. साबुदाण्याची उसळ व तळलेले पदार्थ खाऊन केलेला उपवास लंघन नव्हे.

४. ग्लिमेपिराइड, ग्लायबेनक्लामाइड वा इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याने जेवण सोडल्यास रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते व मेंदूस इजा होऊ शकते. संबंधित डॉक्टरांकडून औषधाची मात्रा ठरवून घेतल्याविना आहार बदलू नये. औषधालयाच्या चालकांनीही औषध देताना हे आवर्जून विचारावे.

५. च्यवनप्राश वा ब्राह्मीघृत देताना त्यांतील शर्करा व स्नेह आहाराच्या हिशेबात धरावेत.

प्रत्येक भेटीत वजन नोंदवावे. वृद्धाचे वजन नकळत घटत असेल, तर अल्पाहार थांबवून कारण शोधावे.