संगणक सुरू होताना पाच मिनिटे जातात कुठे?

नांदेडहून लातूरला जाताना लोहा, अहमदपूर, चाकूर अशी गावे लागतात. या रस्त्यावरच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो. प्रदर्शन आटोपल्यावर मुख्याध्यापकांनी आम्हांला संगणक कक्षात नेले. खोलीत दहा संगणक होते, सगळे दहा-बारा वर्षांचे. "तास पस्तीस मिनिटांचा. त्यातली पाच-सहा मिनिटं यंत्रं सुरू व्हायलाच जातात," संगणक शिकवणारे सर म्हणाले. संस्थेने लोकवर्गणीतून काही रक्कम जमवली होती, पण तेवढ्यात नवे संगणक चारच येत होते. जुने दहा भंगारात काढून नवे चार घ्यावेत का, असा प्रश्न त्यांनी आमच्यापुढे ठेवला.

वर्गात मुले चाळीस. दहा संगणक असले तर एकेकावर चार मुले बसतात, चार असले तर दहा. दहांच्या घोळक्यात कळफलकावर बोटे एखाद्याचीच असतात. बाकीचे मागे उभे राहून बघतात, आणि मागे कोण राहते हे शिक्षकांना सांगायला नको. म्हणून घाईने उत्तर न देता आधी एक साधा प्रश्न विचारायचे आम्ही ठरवले. ही पाच मिनिटे नेमकी जातात कुठे?

संगणक म्हातारा होतो का?

बैल म्हातारा झाला की त्याची चाल मंदावते. संगणकाच्या प्रोसेसरचे मात्र तसे नसते. त्याचा ताल क्वार्ट्झच्या स्फटिकावर धरलेला असतो. पहिल्या दिवशी सेकंदाला तीन अब्ज ठोके देणारा प्रोसेसर दहा वर्षांनीही तितकेच ठोके देऊ शकतो. बैल तोच असतो, गाडीतले ओझे वाढलेले असते. संगणक प्रणाली दरवर्षी मोठी होत जाते. प्रत्येक नवा प्रोग्रॅम आपला एखादा मदतनीस सुरुवातीलाच उठवून बसवतो. डिस्क भरत जाते, पंख्यावर धूळ साचते. यांतले कोणते ओझे किती, हे कळल्याशिवाय उपाय सांगणे म्हणजे नाडी न पाहता औषध देणे.

बटण दाबल्यावर काय होते?

प्रथम मुख्य पटलावरच्या एका चिपमध्ये कायमचा साठवलेला छोटा प्रोग्रॅम जागा होतो. तो स्मृती, कळफलक, डिस्क यांची हजेरी घेतो. याला साधारणतः काही सेकंद लागतात. मग तो डिस्कवरून संगणक प्रणाली उचलून रॅममध्ये, म्हणजे कामाच्या स्मृतीमध्ये आणू लागतो. प्रणाली हजारो लहानमोठ्या फाइलींची बनलेली असते. शेवटी आपोआप सुरू होणारे प्रोग्रॅम उठतात. पडद्यावर चित्र दिसले तरी माऊसची खूण गोल फिरत राहते, ती या शेवटच्या टप्प्यात.

जुन्या संगणकात खरी रखडपट्टी बहुधा दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात होते, आणि तिचे कारण फिरत्या चकतीत असते. आय.बी.एम. कंपनीने १९५६ साली चुंबकीय चकत्यांचे पहिले साठवणयंत्र आणले, तेव्हा त्यात २४ इंच व्यासाच्या ५० चकत्या होत्या. आजची हार्ड डिस्क तळहातावर मावते, पण तत्त्व तेच आहे. चकती फिरते आणि एक बारीक हात सरकत जाऊन योग्य जागी थांबतो.

आता थोडे गणित करू. टेबलावरच्या संगणकातील नेहमीची डिस्क मिनिटाला ७२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा हाताखाली येण्यासाठी सरासरीने अर्ध्या फेऱ्याची, म्हणजे सुमारे ४.२ मिलिसेकंदांची वाट पाहावी लागते. हात सरकायला आणखी आठ-साडेआठ मिलिसेकंद धरा. एकूण झाले सुमारे साडेबारा. म्हणजे विखुरलेल्या जागांवरची माहिती ही डिस्क सेकंदाला फार तर ऐंशी वेळा देऊ शकते. सुरू होताना अशी १२,००० वाचने करावी लागली असे समजा. १२,००० ला ८० ने भागले की १५० सेकंद येतात. अडीच मिनिटे नुसती वाट पाहण्यात गेली!

प्रोसेसरच्या बाजूने पाहिले तर हे अधिक मजेशीर दिसते. त्याचा एक ठोका म्हणजे आपला एक सेकंद असे मानू. मग रॅममधली गोष्ट मिळायला त्याला सुमारे पाच मिनिटे थांबावे लागते. फिरत्या डिस्ककडून एक तुकडा यायचा तर पावणेचार कोटी ठोके जातात, म्हणजे जवळजवळ चौदा महिने! नांदेडहून लातूरला पत्र टाकावे आणि उत्तर पुढच्या वर्षी यावे, तसे हे झाले. प्रोसेसर मंद नसतो, तो रिकामा बसलेला असतो.

एस.एस.डी. या नव्या प्रकारच्या साठवणीत फिरणारे काहीच नसते. पेन ड्राइव्हमध्ये असते तशी फ्लॅश स्मृती तिच्यात असते. जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात ही स्मृती शोधून काढली. तिच्यातून एक तुकडा यायला साधारण एक दशांश मिलिसेकंद लागतो. आपल्या मापाने चौदा महिन्यांचे साडेतीन दिवस झाले. प्रत्यक्षात फरक इतका मोठा दिसत नाही, कारण प्रणाली शक्य तेथे सलग वाचन करते आणि प्रोसेसरलाही आपले काम असतेच. तरी मिनिटांचे सेकंद होतात, हे खरे.

रॅमचे महत्त्वही इथेच कळते. रॅम म्हणजे वर्गातला फळा आणि डिस्क म्हणजे कपाट. फळा लहान असला की शिक्षकाला मधेच पुसावे लागते, पुसलेले वहीत उतरवून कपाटात ठेवावे लागते आणि पुन्हा लागले की काढून लिहावे लागते. रॅम अपुरी पडली की संगणक हेच करतो. कपाट मंद असेल तर तो पार अडकतो.

वर्गात करून पाहण्याजोगा प्रयोग

हातातले घड्याळ आणि कागद एवढे साहित्य पुरे. संगणक पूर्ण बंद करून चालू करा आणि तीन वेळा नोंदवा: बटण दाबल्यापासून प्रणालीचे चिन्ह दिसेपर्यंत, तेथून संकेतशब्द मागेपर्यंत, आणि तेथून एखादी फाइल खरोखर उघडेपर्यंत. हे तीनदा करून सरासरी काढा. एक गोष्ट लक्षात ठेवावी. विंडोज १० सारख्या प्रणाली बंद होताना आपल्या गाभ्याची स्थिती डिस्कवर जपून ठेवतात आणि पुढच्या वेळी तीच उचलतात. म्हणून 'रीस्टार्ट' करूनही वेळ मोजावा.

मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात प्रोसेसर, स्मृती आणि डिस्क किती टक्के गुंतली आहे ते दिसते. डिस्क शंभर टक्के आणि प्रोसेसर दहा-वीस टक्के असेल तर अडथळा डिस्कचा. स्मृती नव्वदच्या पुढे असेल तर रॅम कमी. प्रोसेसरच शंभरावर असेल तर कोणता प्रोग्रॅम त्याला गुंतवतो ते शोधावे. 'स्टार्टअप' या पानावर आपोआप उठणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी असते. त्यांतले अनावश्यक बंद करायला एक पैसाही लागत नाही. व्हायरसरोधक मात्र बंद करू नये.

मोजमापाचा आग्रह का, तेही पाहू. समजा, ३०० सेकंदांपैकी २४० डिस्कची वाट पाहण्यात, ४० प्रोसेसरच्या कामात आणि २० हजेरीत जातात. प्रोसेसर दुप्पट वेगाचा घेतला तर वाचतात फक्त २० सेकंद. डिस्क दहापट वेगाची केली तर ३०० चे ८४ होतात. कोणत्याही कामाचा जो भाग आपण वेगवान करतो, तो मुळात किती वेळ खात होता यावर एकूण फायदा ठरतो. संगणकशास्त्रज्ञ जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली मांडलेल्या नियमाचे हे सार आहे. शाळेचे वेळापत्रक करणाऱ्यांना तो अनुभवाने ठाऊक असतोच.

आपल्याकडची ऊन, धूळ आणि वीज

मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या पुढे जातो. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो. त्याच्यावरच्या धातूच्या पट्ट्यांत धुळीचा थर बसला असेल तर हे लवकर होते. वीजजोड काढून, मऊ ब्रशने, पंखा बोटाने धरून धूळ काढावी. संगणक दर वेळी तारीख चुकवत असेल आणि सुरू होताना कळ दाबायला सांगत असेल, तर मुख्य पटलावरची तीन व्होल्टची नाण्याएवढी बॅटरी संपलेली असते. ती थोडक्या पैशांत बदलता येते. लिहिणे चालू असताना वीज गेली तर फाइली बिघडू शकतात. मग पुढच्या वेळी संगणक सुरुवातीलाच डिस्क तपासत बसतो. यासाठी यू.पी.एस. हवा.

आमच्या हातून त्या शाळेत एक चूक झाली, ती सांगणे योग्य होईल. एका संगणकातून कटकट असा आवाज येत होता. डिस्क अखेरच्या घटका मोजत असल्याची ती खूण. तिच्यातली माहिती आधी उतरवून घ्यायला हवी होती, पण आम्ही पंखा साफ करत बसलो. संध्याकाळी डिस्क बंद पडली आणि दोन वर्षांच्या प्रदर्शनांची छायाचित्रे गेली. पुढच्या संगणकांना हात लावण्यापूर्वी आम्ही सगळी माहिती दुसरीकडे उतरवून घेतली.

बदलायचे केव्हा?

जुन्या संगणकाचा जीर्णोद्धार नेहमीच परवडतो असे नाही. डिस्क रुंद पट्टीसारख्या तारेने जोडलेली असेल, तर तो संगणक फार जुना. त्यावर खर्च करू नये. अरुंद साटा तार असेल तर एस.एस.डी. सहज बसते. मुख्य पटलावरचे धारित्र फुगले असतील, तर मात्र यंत्र बदलणे बरे.

दुसरा प्रश्न सुरक्षिततेचा. विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टने दिलेला सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला किमान चार गिगाबाइट रॅम लागते, टी.पी.एम. २.० ही सुरक्षा सोय लागते आणि मान्यताप्राप्त प्रोसेसरच चालतो. दहा वर्षांपूर्वीचे बहुतेक संगणक या यादीत बसत नाहीत. अशा वेळी लिनक्स हा चांगला पर्याय आहे. भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' ही लिनक्स प्रणाली आपल्या सी-डॅक संस्थेने तयार केली आहे. लिब्रेऑफिस, जिओजेब्रा आणि आकाशदर्शनाचे स्टेलॅरियम लिनक्सवर चालतात. शाळेचा छपाईयंत्र आणि नेहमीची कामे तिच्यावर होतात का, हे मात्र एका संगणकावर आधी पाहावे.

टाकून द्यायचे संगणक भंगारवाल्याला वजनावर देऊ नयेत. त्यांत शिसे आणि इतर घातक द्रव्ये असतात. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच जायला हवेत. त्याआधी डिस्कवरची विद्यार्थ्यांची माहिती पूर्ण पुसावी.

त्या शाळेत नववीच्या मुलामुलींनी घड्याळ लावून दहाही संगणकांची नोंद केली. बहुतेकांत डिस्क शंभर टक्के गुंतलेली निघाली. आम्ही आधी एकाच संगणकात एस.एस.डी. बसवली आणि आठवडाभर वेळ मोजायला सांगितले. पाच मिनिटांचे एका मिनिटाहून कमी झाले, तेव्हा कुठे संस्थेने बाकीच्यांसाठी पैसे दिले. दोन संगणक दुरुस्तीपलीकडे होते. त्यांची रॅम काढून इतरांना लावली. आठ संगणक उभे राहिले आणि उरलेल्या रकमेत यू.पी.एस. आले. आता एका संगणकावर पाच मुले बसतात. चारांपेक्षा एक जास्त, पण दहांपेक्षा निम्मी.

ती नोंदीची वही कक्षात खिळ्याला टांगली आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी एक गट वेळ मोजून तिच्यात लिहितो. पुढच्या वेळी एखादा संगणक मंदावला, तर तो केव्हापासून मंदावला हे आम्हांला विचारण्याची त्यांना गरज पडणार नाही.