शारीरिक साक्षरता : मोजायची कोणत्या शब्दांत?

‘साक्षरता’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पाटी-पेन्सिल आणि प्रौढ शिक्षणाचे वर्ग येतात. परंतु शरीराचीही एक साक्षरता असते, हा विचार ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ मार्गारेट व्हाइटहेड यांनी १९९३ पासून नेटाने मांडला. आवड, आत्मविश्वास, शारीरिक क्षमता आणि ज्ञान यांच्या बळावर माणसाने जन्मभर क्रियाशील राहावे, हा तिचा आशय होय. १०० मीटर धावण्याची वेळ नोंदवून ती कळत नाही.

यास्तव प्रश्नावलीचा आधार घेतला जातो. हाँगकाँगमधील संशोधकांनी २०१६ मध्ये शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांसाठी नऊ विधानांची एक प्रश्नावली सिद्ध केली आणि २०१८ मध्ये ती किशोरवयीन विद्यार्थ्यांसाठी पडताळून पाहिली. प्रत्येक विधानाशी आपण कितपत सहमत आहोत, हे विद्यार्थ्याने १ ते ५ या अंकांत सांगायचे. म्हणजे येथे मोजली जाते ती प्रत्यक्ष क्षमता नव्हे, तर विद्यार्थ्याला स्वतःविषयी काय वाटते ते.

अशी प्रश्नावली दुसऱ्या भाषेत नेताना एकाने भाषांतर करावयाचे, मूळ प्रत न पाहिलेल्या दुसऱ्याने ते पुन्हा मूळ भाषेत आणावयाचे आणि दोन्ही प्रती ताडून पाहावयाच्या, अशी रीत आहे. रीत चांगली, पण पुरेशी नव्हे. उद्या हीच विधाने मराठीत आणली तर काय होईल? ‘सुदृढ’ शब्द वापरावा, तर आपल्याला सुदृढ बालक स्पर्धेतले गुटगुटीत बाळ आठवते. ‘व्यायाम’ म्हणावे, तर जोर-बैठका आठवतात. मग रोज विहिरीवरून पाणी आणणारी, शेतात राबणारी मुलगी ‘मी व्यायाम करीत नाही’ असेच लिहिणार!

त्या नऊ विधानांत निसर्गात तग धरण्याच्या आत्मविश्वासाविषयीही एक विधान आहे. मुंबईच्या विद्यार्थ्याला त्यावरून गिर्यारोहणाचे शिबिर आठवेल; जव्हार-मोखाड्याच्या विद्यार्थ्याला ती शाळेची रोजची वाट वाटेल. दोघांनीही ४ हा अंक लिहिला, तरी त्यांचा अर्थ एक कसा मानावा?

उत्तरांचा परस्परमेळ संख्याशास्त्राने तपासता येतो. परंतु सर्वांनी विधानाचा एकसारखाच चुकीचा अर्थ घेतला, तरीही मेळ जुळतोच! म्हणून प्रश्नावली वाटण्यापूर्वी शहरातल्या व खेड्यातल्या, मुलगे व मुली अशा काही विद्यार्थ्यांना प्रत्येक विधान वाचून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगावयास लावावे. जेथे ते अडखळतील, तेथे शब्द बदलावा.

हे काम कंटाळवाणे खरे. पण ते टाळले तर पाण्याची घागर वाहणारी ती मुलगी कागदावर ‘निष्क्रिय’ ठरेल, आणि तिच्यासाठी आखलेली योजनाही चुकीच्या पायावर उभी राहील. हे काम केवळ क्रीडाशिक्षकांचे नाही. शब्दांची पारख करणाऱ्या आपल्यासारख्या कला शाखेच्या विद्यार्थ्यांचाही त्यात वाटा आहे.