गोळी घेणाऱ्यांचं शास्त्र

संशोधनात रुग्णांचा सहभाग म्हटलं की आजही अनेकांना ते निव्वळ सौजन्य वाटतं. बोलवावं, चहा पाजावा, दोन शब्द ऐकून घ्यावेत. अमेरिकेतल्या एड्सच्या रुग्णांनी मात्र थेट संशोधनाची पद्धतच बदलायला लावली.

जून १९८३ मध्ये डेन्व्हरच्या परिषदेत मूठभर रुग्णांनी मंचावर जाऊन जाहीरनामा वाचला. निर्णयाच्या प्रत्येक पातळीवर आम्हाला जागा हवी, ही त्यातली मागणी. ती का रास्त होती, हे एझेडटी या एड्सवरच्या औषधाच्या चाचणीत दिसलं. काहींना औषध, काहींना प्लासिबो, म्हणजे तशीच दिसणारी पण औषध नसलेली कॅप्सूल. मरण दारात उभं असताना माणसं काय करणार? कुणी कॅप्सूल रसायनतज्ज्ञाकडून तपासून घेतली, कुणी आपसांत वाटून घेतली. कागदावर चाचणी काटेकोर, आकड्यांना मात्र आतून वाळवी.

न्यूमोसिस्टिस न्यूमोनियानं रुग्ण पटापट दगावत होते. तो होऊ नये म्हणून आधीच औषध देण्याची शिफारस करा, असं सांगायला रुग्ण-कार्यकर्ते मायकेल कॅलन व सहकारी १९८७ मध्ये सरकारी संशोधन संस्थेचे प्रमुख अँथनी फाउचींना भेटले. पुरेसा पुरावा नाही, असं उत्तर मिळालं. मग न्यूयॉर्कच्या रुग्णांनी आपल्या नेहमीच्या डॉक्टरांना हाताशी धरून पुरावा गोळा करायला घेतला. पेंटामिडीन हे औषध श्वासावाटे देऊन पाहिलं. सॅन फ्रान्सिस्कोच्या डॉक्टरांनीही तेच केलं. तिथे प्लासिबो नव्हता, वेगवेगळ्या मात्रांची तुलना होती. १९८९ मध्ये औषधाच्या या वापराला सरकारी मान्यता मिळाली.

‘अॅक्ट अप’ या एड्स कार्यकर्त्यांच्या संघटनेचं नाव निघालं की ११ ऑक्टोबर १९८८ ला अमेरिकी औषध प्रशासनाच्या रॉकव्हिलमधल्या मुख्यालयाला घातलेला वेढा आठवतो. मला त्याहून मोलाची वाटते ती संघटनेतली शिकवणी. आयरिस लाँग या रसायनशास्त्रज्ञ बाईंना स्वतःला एड्स नव्हता. त्यांनी कार्यकर्त्यांना चाचण्यांचे आराखडे वाचायला शिकवलं. शिकलेली मंडळी पुढे सरकारी चाचण्यांच्या समित्यांवर बसली. तीही बहुतांशी गोरी, सुशिक्षित पुरुषमंडळी, हे नमूद करायलाच हवं. गर्भाशयमुखाचा फैलावलेला कर्करोग एड्सच्या व्याख्येत यायला १९९३ उजाडलं, तेही बायकांनी लढा दिल्यावर.

रुग्णांना फक्त घाई असते, हा आक्षेप मात्र १९९४ ने खोडला. ‘अॅक्ट अप’मधून फुटून निघालेल्या गटानंच साक्विनाव्हिर या एचआयव्हीविरोधी औषधाला झटपट मान्यता देऊ नका, आधी मोठी चाचणी करा, असं प्रशासनाला लिहिलं. पूर्वीचे सोबती त्यावर भडकले.

आपल्याकडे पुण्याची राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था ‘एचपीटीएन ०५२’ या आंतरराष्ट्रीय चाचणीत होती. एचआयव्हीबाधिताला लवकर औषधं सुरू केली तर जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटते, हा तिचा २०११ चा निष्कर्ष. अशा चाचण्यांच्या केंद्रांवर आता समाज सल्लागार समित्या असतात. चाचणीचा प्रश्न ठरवतानाच त्यांना बोलावलं, तर डेन्व्हरची मागणी पुरी होईल. संमतीपत्रकाची भाषा तपासायला बोलावलं, तर नाही.