मोटारीतला गारवा कुठे गळतो?

मोटारीतला गारवा कमी झाला, की आपण म्हणतो, "गॅस संपला, भरून द्या." पण हा गॅस पेट्रोलासारखा जळून संपत नाही; बंद नळ्यांतून फिरत राहतो. तो लवकर कमी झाला, तर कुठेतरी गळतो आहे, असे समजावे.

गॅसाबरोबर कॉम्प्रेसरचे तेलही फिरते. म्हणून इंजिन बंद करून सांधे पाहावेत. तेलकट, धूळ चिकटलेला डाग दिसला, की तिथे साबणाचे पाणी लावावे. बुडबुडे उठले, तर चोर सापडला! सांधा मात्र स्वतः उकलू नये. उडालेला गॅस डोळा गोठवतो. कारागिराकडून ओ-रिंग बदलून, आतली हवा व ओल पंपाने काढवून, मगच मापात गॅस भरावा.

नाहीतर फुटक्या घागरीत पाणी ओतल्यासारखे होते. तेल गळून कॉम्प्रेसरही जातो.