दोन धारित्रांमधील वाटणी

सुरत महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळांत मराठी माध्यमही आहे. तिथून पुढे आलेल्या उधना-लिंबायतच्या मुलांना मी संगणकदुरुस्ती शिकवतो. ‘कपॅसिटर’ हा शब्द सर्वांनाच ठाऊक असतो. पंख्याचा असला की तोच ‘कंडेन्सर’ होतो. आपल्या परिभाषेत ते ‘धारित्र’, म्हणजे विद्युतभार धारण करणारे. जनित्र आणि रोहित्र यांच्याच घडणीचा शब्द. या धारित्रांचा एक नेहमीचा बिघाड येथे उलगडून सांगतो.

११५/२३० असे बटण असलेल्या जुन्या पॉवर सप्लायमध्ये दोन मोठी धारित्रे एकसर जोडलेली असतात. २३० व्होल्टचा पुरवठा दिष्ट झाल्यावर त्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट होते. प्रत्येकाच्या वाट्याला १६२ व्होल्ट यावेत. धारित्रांची मर्यादा बहुधा २०० व्होल्ट असते. वाटणी बिघडली की एक धारित्र या मर्यादेला भिडते, फुगते आणि कधी फुटते.

ज्यावर व्होल्ट जास्त ते धारित्र सशक्त, असे विद्यार्थ्यांना वाटते. खरे उलट आहे. रुंद आणि अरुंद अशा दोन घागरींत सारखेच पाणी ओतले, तर अरुंद घागरीतली पातळी वर चढते. एकसर जोडणीत दोन्ही धारित्रांवर सारखाच भार येतो. म्हणून ६८० मायक्रोफॅरडचे एक धारित्र जुने होऊन ४७० वर आले, तर त्यावर १९२ व्होल्ट पडतात आणि धडधाकट जोडीदारावर १३३.

प्रत्येक धारित्राला समांतर एक रोधकही असतो. सुरुवातीची वाटणी धारित्रांची क्षमता ठरवते, काही मिनिटांनंतरची वाटणी रोधक आणि धारित्रातील गळती ठरवतात. म्हणून सुरू करताच फरक दिसला आणि हळूहळू मिटला, तर क्षमता तपासावी. आरंभी समान असलेले आकडे नंतर दूर गेले, तर रोधक किंवा गळती तपासावी. तरीही उमगले नाही, तर ध्रुव सांभाळून धारित्रांची अदलाबदल करावी. जास्तीचे व्होल्ट धारित्राबरोबर गेले तर दोष धारित्रांपैकी एकाचा. जागेवरच राहिले तर दोष रोधकाचा किंवा पुढच्या मंडलाचा. धारित्रे बदलताना जोडीनेच बदलावीत.

चालू पुरवठ्यावरचे हे मोजमाप जाणकार शिक्षकानेच करावे. सोल्डरिंगपूर्वी प्लग काढून थांबावे आणि दोन्ही धारित्रे रिकामी झाल्याची मीटरने खात्री करावी. रोधक तुटला असेल, तर त्याच्या धारित्रात भार बराच वेळ टिकतो. म्हणजे आपण शोधत असलेला बिघाडच हाताला झटका देऊ शकतो.

वहीत ‘व्होल्टेज कमी-जास्त आहे’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. कोणत्या धारित्रावर, किती व्होल्ट, सुरू केल्यापासून किती मिनिटांनी, हे वाक्यात आले की निम्मी दुरुस्ती झालेली असते.