लहानग्या आगगाडीची वीज

फळीवर रुळांचे एक वर्तुळ मांडावे, त्याला दोन तारा जोडाव्यात आणि कळ फिरवावी, की खेळण्यातली आगगाडी धावू लागते. येथवर कोणालाच काही शिकावे लागत नाही. पण त्या वर्तुळाच्या आत दुसरे वर्तुळ आले, दोहोंना जोडणारा सांधा आला, की तीच गाडी अडखळू लागते, आणि कधी कधी सारेच रूळ निर्जीव होऊन पडतात. पुण्यात कोथरूडला १९९८ मध्ये खुल्या झालेल्या जोशी मिनिएचर रेल्वे संग्रहालयात धावणाऱ्या गाड्या आपणांपैकी काहींनी पाहिल्या असतील. अशा मांडणीची शोभा फळीच्या वर असते. करामत मात्र बरीचशी फळीखालच्या तारांत असते.

मुंबईत १९२५ साली विजेची पहिली आगगाडी धावली. तिने डोक्यावरच्या तारेतून वीज घेतली आणि रुळांवाटे परत पाठविली. दोन्ही रूळ तिला सारखेच. चिमुकल्या गाडीला ती वरची तार नसते. तेथे एका रुळातून वीज येते, चाकावाटे इंजिनाच्या मोटारीत शिरते आणि पलीकडच्या चाकावाटे दुसऱ्या रुळात परतते. म्हणजे रूळ हा रस्ताही आणि तारही. साधारण १२ व्होल्टांचा हा एकदिश प्रवाह असतो. प्रवासाच्या दिशेने तोंड करून उभे राहिले असता उजवा रूळ धन असेल, तर गाडी पुढे जाते. मौज अशी, की इंजिन उचलून उलट्या तोंडाने ठेवले तरी ते पूर्वीच्याच दिशेला जाते. दिशा ठरवितात ते रूळ.

दोन वर्तुळांवर दोन गाड्या स्वतंत्रपणे चालवायच्या, तर प्रत्येकाला वेगळा नियंत्रक हवा, आणि जोडणाऱ्या सांध्यात विजेचा मार्ग तोडलेला हवा. धातूच्या रुळजोडाऐवजी तेथे प्लास्टिकचा जोड घातला, की काम भागते. परंतु गाडी त्या फटीवरून जाते तेव्हा तिची धातूची चाके क्षणभर दोन्ही बाजू जोडतात. बाहेरचे वर्तुळ एका दिशेला आणि आतले विरुद्ध दिशेला लावलेले असेल, तर दोन्ही नियंत्रकांची वीज त्या चाकांवाटे भिडते. म्हणून सांधा ओलांडण्यापूर्वी दोन्हींची दिशा एक करावी लागते. अधिक हौस असेल त्याने रुळांचे विभाग पाडावेत व प्रत्येकास एक कळ द्यावी. गाडी जेथे जाईल तेथला विभाग त्या कळीने तिच्याच चालकाच्या नियंत्रकाला जोडता येतो.

खरे कोडे आहे ते माघारी फिरविणाऱ्या फेऱ्याचे. टेनिसची बॅट डोळ्यांपुढे आणा. गाडी मुठीकडून आली, कडेने फिरली आणि त्याच मुठीने परत निघाली. आता डाव्या रुळावर बोट ठेवून फेऱ्याभोवती फिरवीत न्या. परत येताना ते बोट उजव्या रुळाला जाऊन मिळते! धन आणि ऋण समोरासमोर आले. गाडी नसतानाही हे शॉर्ट सर्किट ठरलेलेच. उपाय असा, की फेऱ्याच्या दोन्ही टोकांना दोन्ही रूळ तोडायचे, आणि तो तुटलेला भाग सर्वांत लांब गाडीहून लांब ठेवायचा. गाडी पुरती आत आली, की मुख्य मार्गाचे धन-ऋण कळीने उलटवायचे. आतली वीज न बदलल्यामुळे गाडी थांबत नाही, आणि ती बाहेर पडते तेव्हा मुख्य मार्ग तिला अनुकूल झालेला असतो.

मध्ये तिसरा वाहक असलेल्या रुळांना ही पीडा नव्हती, कारण तेथे बाहेरचे दोन्ही रूळ एकाच बाजूचे असत. १९३८ साली निघालेल्या हॉर्नबी डब्लोचे रूळ असेच होते. १९५९ मध्ये त्या गाड्याही दोन रुळांवर आल्या. तिसरा रूळ दिसायला विशोभित खरा, पण त्याला रजा देऊन हौशी माणसाने हे कोडे विकत घेतले, असे माझे मत आहे.

१९९० नंतरच्या दशकात अंकीय नियंत्रण रूढ झाले. त्यात रुळांत वीज सदैव खेळती असते, आणि तीतून प्रत्येक इंजिनाला त्याच्या क्रमांकाने आज्ञा पोचते. इंजिनाची दिशा आता धन-ऋणावर अवलंबून नसल्याने, फेऱ्यातली उलटापालट एक छोटे उपकरण आपोआप करते. यावरून ‘आता दोन तारा जोडल्या की झाले’ असा समज पसरला. तो धोक्याचा आहे. एकाच पुरवठ्यावर अनेक गाड्या चालतात, म्हणून प्रवाह मोठा असतो. रुळांचे निकेल-सिल्व्हर नावापुरते ‘सिल्व्हर’. ते तांबे, निकेल व जस्त यांचे मिश्रण, तांब्याहून पुष्कळ कमी वाहक. रुळजोडही दमट हवेत गंजतात. समजा, पुरवठा १५ व्होल्टांचा आहे आणि ५ अँपिअरला तो आपोआप तुटतो. लांबच्या कोपऱ्यापर्यंतचा एकूण रोध पावणेचार ओहम असेल, तर तेथे गाडी घसरून शॉर्ट सर्किट झाल्यावर प्रवाह ४ अँपिअरच वाहील. रक्षक यंत्रणा जागी होणार नाही, आणि ६० वॉटची उष्णता तारांत, जोडांत व चाकांत मुरत राहील. डाग देण्याची कावी याहून कमी शक्तीवर तापते. प्लास्टिकचे डबे वितळावयास आणखी काय हवे?

म्हणून फळीखालून तांब्याच्या दोन जाड तारा सर्वत्र फिरवाव्यात, आणि रुळाच्या शक्यतो प्रत्येक तुकड्याला त्यांच्यापासून बारीक पण आखूड तार डाग देऊन जोडावी. मग गाड्या उचलून ठेवाव्यात, पुरवठा सुरू करावा आणि सर्वांत दूरच्या जागी एक रुपयाचे नाणे दोन्ही रुळांवर आडवे टेकवावे. या गाड्यांच्या प्रचलित मापात रुळांमधले अंतर साडेसोळा मिलिमीटर, नाणे त्याहून रुंद. टेकविताक्षणीच वीज तुटली पाहिजे. तुटली नाही, तर नाणे लगेच उचलावे, त्या भागात आणखी जोडतारा द्याव्यात, आणि गाडी लावण्यापूर्वी नाणे पुन्हा टेकवून पाहावे.