प्रेक्षकच ठरवितो कथेची वाट

कॅनडातील रॉकी पर्वतराजीत १९३३ साली नाट्यवर्गाने सुरुवात झालेल्या बान्फ सेंटर या कलाकेंद्रात १९९५ मध्ये 'न्यू मीडिया इन्स्टिट्यूट' स्थापन झाली. लेखक, कलावंत आणि संगणकतज्ज्ञ यांना कार्यशाळेत एकत्र आणण्यामागे सबळ कारण होते. छापील कथेत घटनांचा क्रम लेखक ठरवितो. आभासी जगात तो प्रेक्षकाच्या हाती जातो. ब्रेंडा लॉरेल आणि रेचेल स्ट्रिकलंड यांनी १९९३ मध्ये येथेच साकारलेल्या 'प्लेसहोल्डर'मध्ये प्रेक्षक कावळा, साप, मासा वा कोळी यांचे रूप घेत. स्वतःचा आवाज मुद्रित करून पुढच्यांसाठी ठेवीत. अशा कलाकृतीत लेखकाला संवादांपेक्षा शक्यता लिहाव्या लागतात. त्या तंत्रात बसतात का, हे तंत्रज्ञासोबत काम करतानाच उमगते. कथेवरील हक्क थोडा सोडावा लागणे, हाच या प्रशिक्षणातील सर्वांत अवघड धडा.